टायमर मागे गेला ती सकाळ

तापल्या लोखंडाचा वास आला की जालन्याची ती रोलिंग मिल आठवते आणि मला एका जागी बसवत नाही. भट्टीची वेळ तिथे नेटवर्क कार्डाच्या टायमरवरून नोंदली जाई. ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, मी लिहिलेला. एका सकाळी नोंदीत भट्टी सव्वा तास जास्त जळलेली दिसली. मालकांनी भट्टीवाल्या चाचांना धारेवर धरलं. "सातला चालू केली, साहेब. तुमचं मशीनच पावणेसहा दाखवून राह्यलं," ते माझ्याकडे बघत म्हणाले. "चाचा, मशीनला डुलकी लागत नाही," मी हसलो. चाचांचं काम गेलं. आठवड्याने कारण सापडलं. टायमरचा आकडा मी दोन तुकड्यांत वाचत होतो, आधी वरचा, मग खालचा. त्या दोन वाचनांमध्येच खालचा भरून शून्यावर आला आणि वरचा एकाने वाढला, तर माझ्याकडे वरचा जुनाच राही आणि वेळ सव्वा तासाने मागे जाई. वरचा पुन्हा वाचून ताडायचं मी विसरलो होतो. गुपचूप दुरुस्त केलं. पुढे शहागडला चाचा ट्रकचे टायर बदलताना भेटले, आग्रहाने चहा पाजला. "मशीन बराबर चालू हाय ना?" "बिलकुल," मी म्हणालो. आता माझी पन्नाशी उलटली, पण चूक माझी होती हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.