आर्लनच्या पाच पुंगळ्या

आर्लन ट्वेटनला ताठ उभं राहिलेलं आमच्या गावात फारसं कुणी पाहिलेलं नाही. पाठीचं दुखणं वगैरे काही नाही हो, माणूस ठणठणीत आहे. पण नेमबाजीच्या मैदानावर लोक रायफली झाडतात, रिकाम्या पितळी पुंगळ्या गवतात पडतात, आणि त्या वेचण्यात याचं अर्धं आयुष्य गेलं. कोंबडीने दाणे टिपावेत तसा टिपतो. बाकीचे रायफल घेऊन येतात, हा कॉफीचा रिकामा डबा घेऊन येतो.

सख्ख्या काकाच्या मातीलाही त्याने तेच केलं. काका जुना सैनिक, म्हणून दफनभूमीत सलामीच्या फैरी झाडल्या. बिगूल वाजत होता, सगळ्यांच्या माना खाली होत्या. आर्लनची नजर मात्र बर्फात पडलेल्या पुंगळ्यांवर. हळूच वाकला, एक उचलली, पाहिली, आणि चेहरा पडला. सलामीच्या काडतुसात गोळी नसते, त्याचं तोंड चिमटून बंद केलेलं असतं, त्यामुळे ती पुंगळी याच्या कामाची नव्हती. काकूला वाटलं, पुतण्याला काकाची केवढी माया. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. बायको मार्डेल शेजारीच उभी होती आणि तिला सगळं कळलं होतं. 

आता पुंगळी पुन्हा भरणं यात नवल काही नाही. बुडातली जुनी टोपी, म्हणजे ठिणगी पाडणारी इवलीशी वाटी, काढायची, नवी बसवायची, बंदुकीची दारू भरायची, वर गोळी दाबायची, झालं काडतूस. नॉर्थ डकोटात निम्म्या तळघरांत हे चालतं. पण दुसरे लोक संध्याकाळी तासभर बसतात आणि हंगामाचं काम उरकून टाकतात. आर्लनचं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. आधी बुडावरची मोहोर बघून एकाच कारखान्याच्या पुंगळ्या वेगळ्या काढायच्या. मग तोंडाला चीर आहे का ते भिंगातून बघायचं. मग टोकाशी वाकवलेली तार आत घालून बुडाजवळची भिंत चाचपायची, तार कुठे अडकली की समजायचं पितळ आतून झिजलंय, ती पुंगळी बाद. उरलेल्यांची लांबी मोजायची, वाढलेली तोंडं कातरायची, कडा घासायच्या. मग वजन. सोनार तोलणार नाही इतक्या बारकाईने हा पितळ तोलतो.

आणि धुणं. मार्डेल रानचेरीच्या जेलीसाठी लिंबूसत्व आणून ठेवायची, ते पुंगळ्यांच्या अंघोळीत जायचं. वाळवायला तिचाच ओव्हन, तिचाच ट्रे. एकदा त्याच ट्रेमध्ये तिने चर्चच्या जेवणासाठी लिंबाच्या वड्या भाजल्या, आणि पाद्रीबुवांच्या दाताखाली काहीतरी कचकन आलं. निघाली एक जळकी टोपी. आमची माणसं भारी सभ्य. पाद्रीबुवांनी ती रुमालात गुंडाळली आणि म्हणाले, "चव जरा निराळी आहे." आमच्याकडे यापेक्षा कडक शिवी नाही. मार्डेलने त्या दिवसापासून ट्रे कुलपात ठेवला.

असा हा माणूस, आणि त्याच्या नावाने मूसच्या शिकारीचा परवाना निघाला.

त्याची किंमत आमच्या लोकांना विचारा. सांबराच्या जातीचं, पण घोड्याहून उंच ते जनावर, आणि त्याच्या परवान्याची सोडत दर वर्षी. हजारो लोक अर्ज टाकतात, मूठभरांचं नाव निघतं. एकदा निघालं की जन्मात पुन्हा अर्ज करता येत नाही, मग जनावर मिळो की न मिळो. आर्लन लग्नाआधीपासून अर्ज टाकत होता. डोक्यावर केस राहिले नव्हते तेव्हा कुठे नाव निघालं. त्या दिवशी तो स्वयंपाकघरात चक्क नाचला. मार्डेलने फ्रीझरमधली कोंबडी, गोमांस, मटार, सगळं शेजारीपाजारी वाटून टाकलं आणि फ्रीझर आतून पुसून घेतला. मूसचं मांस मावायला जागा नको? वर्षभराची सोय होणार होती.

शिकार ऑक्टोबरात सुरू झाली. आर्लन तळघरात गेला.

डबाभर पुंगळ्यांतून त्याने वीस काढल्या. विसातून बारा. मग एकीच्या वजनाचा त्याला संशय आला म्हणून सगळ्या पुन्हा तोलल्या. वर मार्डेल रिकाम्या फ्रीझरचं दार उघडायची आणि लावायची. शेजाऱ्यांना दिलेली कोंबडी परत मागणार कशी? घरात रोज अंडी चालू झाली. तिचा भाऊ वेंडल कॉफीला यायचा आणि जिन्यावरून खाली ओरडून विचारायचा, गोळी झाडायचीय की मुलीचं लग्न जमवतोयस? त्याने स्वतःच्या खिशातली दुकानी काडतुसं देऊ केली. आर्लनने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जन्मात एकदा मिळणाऱ्या जनावरावर दुकानातलं काडतूस झाडायचं? मग माणूस जगला कशासाठी?

शेवटी पाच पुंगळ्या उरल्या. पाचही जुळ्या बहिणी. त्याने त्या भरल्या, पेटीत ठेवल्या, आणि सरावाला एकही वाया घालवायची नाही असं ठरवलं. तोवर शिकारीचा शेवटचा दिवस उजाडला होता.

मार्डेलने गाडी काढली. "मी येते," म्हणाली. "तुला एकट्याला सोडलं तर वाटेत मैदानावर थांबशील."

दिवसभर काही दिसलं नाही. वारा असा की डोळ्यांतून पाणी. दुपार कलली तशी दोघं शिकाऱ्यांच्या भडक भगव्या जाकिटांत सूर्यफुलाच्या शेताकडेला, झाडांच्या रांगेआडून चालत होती, आणि मार्डेलने त्याची बाही धरली. शेतात नर मूस उभा होता. सुकलेली सूर्यफुलं सावकाश चघळत, घाई कसली ती नाही.

आर्लन बसला. रायफल गुडघ्यावर टेकवली.  पुंगळ्यांची सगळी तयारी झाली होती, हातांची काहीच झाली नव्हती. बार झाला. गोळी मूसच्या पाठीवरून कुठल्या कुठे निघून गेली.

मूस पळाला नाही. तेच तर. त्याने मान वर केली आणि पाहिलं, दारावर कोण आलंय असं बघावं तसं. अंगाची आडवी बाजू पूर्ण समोर. मार्डेल आर्लनच्या कानाशी म्हणाली, "पुन्हा."

आता इथे दुसरा कुणीही असता तर बोल्ट, म्हणजे रायफलीचा खिट्टीसारखा दांडा, खाडकन मागे ओढला असता, पुंगळी गवतात उडाली असती, आणि पुढच्या श्वासाला दुसरी गोळी सुटली असती. आर्लननेही बोल्ट ओढला. पण कसा? हळूच, दोन बोटांनी, तान्ह्या बाळाचं पांघरूण काढावं तसा, आणि डावा हात खाली धरून पुंगळी तळव्यात झेलली. वर्षानुवर्षांची सवय, हाताला डोकं थोडंच असतं. पुंगळी तापलेली, म्हणून तिच्यावर फुंकर मारली. तोंड उजेडाकडे धरून पाहिलं. बुडावरची टोपी पाहिली. खिशातून पेटी काढली, झाकण उघडलं, पुंगळी तोंड खाली करून ठेवली, कारण झाडलेली पुंगळी पालथीच ठेवायची असते. झाकण लावलं.

मग त्याने वर पाहिलं. मूसने तेवढ्यात आणखी एक सूर्यफूल संपवलं होतं. तो वळला, आणि शेजारच्या उभ्या मक्यात चालत गेला. धावलाही नाही. मक्याचे शेंडे थोडे हलले, मग थांबले.

दोघं तिथेच बसून राहिली. सूर्य टेकला, बुडाला. कायद्याने वेळ संपली, हंगाम संपला, आणि आर्लनचा परवानाही संपला, जन्माचा. त्याला रडू येत होतं. मोठ्या माणसाला मोठ्या दुःखात येतं तसलं नाही, जत्रेत फुगा सुटलेल्या पोराला येतं तसलं, आणि त्याची त्याला जास्त लाज वाटत होती.

मार्डेलने हात पुढे केला. "दाखव."

त्याने पेटी उघडून पुंगळी तिच्या हातावर ठेवली. इतक्या वर्षांत तिने एकदाही मागितली नव्हती. तिने ती फिरवून फिरवून पाहिली, त्याच्यासारखीच उजेडाकडे धरली.

"बरी आहे का?"

"चांगली आहे," आर्लन म्हणाला.  "चीर नाही, फुगलेली नाही. अजून पाच-सहा वेळा सहज चालेल."

"कशावर?"

 आर्लनने मक्याकडे पाहिलं. मार्डेलने त्याच्याकडे पाहिलं, आणि आधी तिचे खांदे हलायला लागले. मग ती हसली ती अशी हसली की तिला गवतात आडवं व्हावं लागलं. त्याला वाटलं रागवावं. आपलं आयुष्य गेलं आणि ही हसते. पण मघाशी मूस समोर उभा असताना आपण फुंकर मारत बसलो होतो हे त्याला तिच्या हसण्यातून दिसलं, आणि मग तोही हसत सुटला. मक्यातल्या मूसने ते नक्की ऐकलं असणार.

"पुढच्या वर्षी मी अर्ज टाकते," मार्डेल डोळे पुसत म्हणाली. "रायफल मी धरणार. बोल्ट खाडकन ओढणार, पुंगळी पडेल तिथे पडेल."

"आणि मी?"

"तू ती शोधत बस."

आर्लनने विचार केला. चाळीस वर्षांच्या संसारात इतकी रास्त वाटणी आजवर झाली नव्हती असं त्याला मनापासून वाटलं. त्याने तिच्या हातातून पुंगळी घेतली आणि जाकिटाला पुसली.

"या रायफलीतून उजवीकडे पडतात," तो म्हणाला. "मी त्या बाजूला बसेन."