कळव्याची द्राक्षं

आई गेली आणि मी बाबांना दिंडोरीकडच्या मळ्यातून कळव्याला घेऊन आले. घेऊन आले म्हणजे, जवळजवळ ओढूनच आणलं. आयुष्यभर त्यांनी वाईनची द्राक्षं पिकवलेली. येताना सामान एवढंसं, आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं द्राक्षवेलीचं एक रोप.

"तुझ्या मागच्या अंगणात लावतो," म्हणाले. "दोन वर्षांत द्राक्षं आली तर इथेच राहीन. नाही आली तर मला मळ्यावर नेऊन सोडायचं. बोल."

मी म्हटलं, बोल काय, डन!

डोंबलाचं डन. आमची बिल्डिंग खाडीत भराव टाकून उभी राहिलेली. माती खारट, हवा दमट. माणसाच्या अंगाला कपडे चिकटतात, तिथे वेलीचं काय होणार? पानांवर पांढरी भुरी धरायची. बाबा ती पुसायचे नि बडबडायचे, "आमच्याकडे कसा मुरूम, पाणी थांबतच नाही. दिवसा ऊन, रात्री हुडहुडी. त्याशिवाय वाईनला चव येईल कशी? इथे थंडी कुठाय?" डिसेंबरात स्वेटर मांडीवर घेऊन बसायचे, घालायची वेळच यायची नाही.

मला चैन पडेना. ऑफिसातून आले की चपला न काढता आधी वेल बघायची. दुसऱ्या हिवाळ्यात तर कहरच केला. मासेवालीकडून बर्फ आणून बुंध्याशी ओतायला लागले. शेजारीण गॅलरीतून ओरडली, "अगं, पापलेट लावलंयस काय तिथे?" हसू दे. बाप माझा जाणार होता, तिचं काय जात होतं?

आणि आली की! चार-पाच घड, अर्धे हिरवे, अर्धे जांभळे. मी अख्ख्या बिल्डिंगला सांगत सुटले. बाबांनी द्राक्षं चुरडून बरणीत घातली, आंबवली, गाळली. मग एका संध्याकाळी स्टीलच्या पेल्यात ओतून एक घोट घेतला. बराच वेळ तोंडात धरून ठेवला.

"कशी आहे?"

"पाणचट. मागून खारट." त्यांनी पेला खाली ठेवला. "पण द्राक्षं आली. शब्द दिलाय, राहीन मी."

चेहरा असा, की शिक्षाच सुनावलीय. मला इतका राग आला! कुणाचा, देव जाणे. पेला उचलून उरलेली गटकन पिऊन टाकली. आणि खरं सांगू? मला आवडली. तो मागून येणारा खारेपणा तर फारच. वीस वर्षं हीच हवा खातेय मी.

बाबा बघत राहिले. "तुला ही गोड लागली?"

"हो. तुम्हाला नाही ना लागली?"

त्यांनी माझ्या हातातला रिकामा पेला काढून घेतला.

"मग शब्दबिब्द राहू द्या," मी म्हटलं. रडू येत होतं, तरी म्हटलं. "उद्या निघू आपण. वेल मला राहू दे."

बाबा उठून आत गेले. पिशवीत त्यांनी सगळ्यात आधी स्वेटर भरला.