दोन ते चार, चटईवर

माझे बाबा मालगाडीचे गार्ड होते, त्यामुळे आमच्या घरी झोप ही फार गंभीर बाब होती. दुर्ग लाइनवर रात्रभर गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून ते सकाळी घरी यायचे, जेवायचे आणि दुपारी दोन ते चार झोपायचे. तेवढा वेळ भिलाई-३ च्या आमच्या क्वार्टरमध्ये संचारबंदी असायची. मला पैंजण घालायची परवानगी नव्हती. आई कुकर लावायची नाही, वरण पातेल्यात शिजायचं. भिंतीपलीकडे यार्डात डबे एकमेकांवर आदळायचे, इंजिनं भोंगे द्यायची, त्याला कोणाची हरकत नव्हती. घरात चमचा पडला तर मात्र आई अशी बघायची की वाटे, आता चमचाच माफी मागेल. "चूप बस, बाबा झोपून राहिले," हे वाक्य मी बहुधा 'आई' म्हणण्याआधी शिकले असेन.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे एक चटई. बाबा रिटायर झाल्यावर आम्ही जवळच कोहक्याला घर बांधलं. गल्ली शांत, शेजारी शांत, आणि बाबांची झोप गायब. आई चहाला दोष देई, डॉक्टर वयाला. बाबा कोणालाच दोष देत नसत, नुसते कूस बदलत. अशात मी, चाळिशी ओलांडलेली शाळामास्तरीण, एका भटक्या मंडळींच्या गटात नाव घालून बसले. थंडीत मैकलच्या डोंगरात दोन रात्री तंबूत राहायचं होतं. सामानाच्या यादीत पहिलंच नाव होतं, झोपायची चटई.

बाबांनी यादी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "मी पण येतो."

"कंबर कोणाची हाये? तुमचीच नं?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "जमिनीवर झोपाल आन् मंग मले म्हणाल, उचल."

"पस्तीस वर्षं लाकडी बाकड्यावर बसलो मी. जमीन काय करते मले?"

आई विचार करून बाहेर आली. तिने अट घातली. मी जी चटई आणीन, तिच्यावर बाबांनी दुपारी दोन ते चार झोपून दाखवायचं. खरोखर झोप लागली तर जायचं, नाही तर नाव काढायचं नाही. परीक्षक अर्थात तीच.

खरं सांगते, मला फार आनंद झाला. घरापासून दोन दिवस सुटका मिळावी म्हणून मी ही सहल ठरवली होती आणि घरच बॅग भरून माझ्यामागे निघालं होतं. बाबा नापास होणार याची मला खात्री होती. मी उदार मनाने म्हटलं, "चालते."

आधी भिलाईतल्याच पावर हाउस भागातल्या बाजारात गेले. घडी करून पाठीवरच्या पिशवीत मावेल अशी चटई पाहिजे, असं दुकानदाराला सांगितलं. त्याने योगासनाची चटई काढली, मग कूलरच्या खोक्यातला फोम काढला, आणि शेवटी माझ्याकडे काळजीने पाहत विचारलं, "मैडम, घर में पलंग नहीं है क्या?" मी तिथून निघाले. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, पण आधी अंथरूण तर दिसायला हवं.

शेवटी आमच्या गटाच्या म्होरक्याने स्वतःजवळच्या तीन चटया वापरून बघायला दिल्या. पहिली घडीचा फोम. हलकी, कधी फुटायची नाही, बिलकूल आवाज नाही. पण कुशीवर झोपलं की कमरेचं हाड थेट फरशीशी गप्पा मारायचं. दुसरी झडप उघडली की आपोआप फुगणारी. तिच्यावर पडल्यावर उठावंसं वाटत नव्हतं, पण गुंडाळली तरी ती लहान पोराएवढी जड, आणि पिशवीत ती गेली की बाकी काहीच जाईना. तिसरी तोंडाने फुगवायची. चार बोटं जाड, गारठा सगळ्यात जास्त अडवणारी, आणि गुंडाळल्यावर पाण्याच्या बाटलीएवढी. तिच्यात एकच खोट होती. आत चकचकीत पन्नी असल्याने अंग जरा हललं की चिवड्याचं पाकीट फोडल्यासारखा आवाज यायचा. गार्डाच्या मुलीला असली चटई चालणं शक्यच नव्हतं. मी ती तशीच बाजूला ठेवली.

पहिल्या दिवशी बाबांसाठी मी फोम अंथरला. मुद्दाम. दोन वाजले आणि कोहक्याच्या घरात जुनी संचारबंदी परत आली. आई अनवाणी फिरू लागली, मी वह्या तपासताना पानंसुद्धा दोन बोटांनी उलटवली. चारला बाबा उठून बसले, आळस दिला आणि म्हणाले, "मस्त झोप लागली."

"नाई लागली," आई म्हणाली.

"तुले काय माहीत?"

"तुमाले खरी झोप लागली का उजव्या पायाचा अंगठा हालते. आज नाई हालला."

मला हे नवीनच होतं. बाबांनाही असावं, कारण ते आपल्या अंगठ्याकडे संशयाने पाहू लागले.

दुसऱ्या दिवशी आपोआप फुगणारी. बाबा तिच्यावर राजासारखे पहुडले, डोळे मिटले, अगदी घोरूनही दाखवलं. झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला नाही, असं म्हणतात. आईने जागं करण्याचा प्रयत्नच केला नाही. ती पायाशी स्टूल घेऊन गहू निवडत बसली आणि चारला म्हणाली, "नापास."

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत चादर ठेवायला गेले, तेव्हा पलंगाखाली त्यांची ड्यूटीची जुनी बॅग दिसली. आत टॉर्च, घासून लख्ख केलेली शिटी, दोन स्वेटर, कानटोपी. सगळं भरून तयार. मला माझी फोमची चलाखी आठवली आणि स्वतःचीच लाज वाटली. त्या क्षणापासून ते पास व्हावेत असं मला वाटू लागलं, आणि हातात उरली होती ती फक्त चिवड्याची चटई.

तिसऱ्या दिवशी मी ती फुगवली. फुगवता फुगवता डोळ्यांपुढे काजवे आले. "बाबा, बिलकूल हालू नका," मी कानात सांगितलं, "हे लय आवाज करते."

ते आडवे झाले. कर्र. कूस बदलली. कर्र कर्र. प्रत्येक आवाजाला आई आणि मी एकमेकींकडे बघत होतो. माझं तर ठरलंच होतं की गेलं सगळं. मग आणखी एक बारीकसं कर्र झालं, आणि त्यामागून खरं, बेसूर, मध्येच अडकणारं घोरणं आलं. आम्ही दोघी दारातून वाकलो. अंगठा हलत होता.

बाबा सव्वापाचला उठले. तोंडावर चटईचे वळ होते.

"एवढ्या आवाजात कशी लागली झोप?" मी विचारलं.

ते थोडे ओशाळले. "आवाजातच लागते मले. तुमी दोघी गुपचूप चालत नं, तेच मले ऐकू ये. घर एवढं चूप का मी पडल्या पडल्या ऐकत राहो, आता पोरगी कोठी हाये, आता आई कोठी हाये."

"मंग तेव्हा सांगितलं कावून नाई?"

"तुमी एवढं जपून राहिल्या होत्या. मी डोळे मिटून पडलो राहो."

म्हणजे माझं अख्खं बालपण, पैंजणांशिवायचं, टाचा उचलून चाललेलं, बाबांना जागं ठेवण्यात गेलं होतं. मला हसू आलं आणि रागही आला. मग एकदम डोक्यात उजेड पडला आणि मी आईकडे वळले. अंगठ्याची गोष्ट तिला काल-परवा कळलेली नव्हती.

"आई, तुले माहीत होतं? हे झोपत नाई म्हणून?"

"माहीत होतं," आई शांतपणे म्हणाली. "पण त्यायच्या नावानं घरात दोन तास कोणी मले हाक मारत नव्हतं."

तिने चहा टाकला, आणि त्या दिवशी कुकरही लावला. चार शिट्ट्या होऊ दिल्या.

निघायच्या दिवशी गटाची गाडी पावर हाउसहून तीनला सुटणार होती. बाबांच्या बॅगेत चिवड्याची चटई गेली. माझ्या पिशवीला फोम बांधला होता, म्हणजे दोन रात्री त्यांचं कर्र कर्र मीच ऐकणार होते. जड चटई परत करायला शोधली तर ती बैठकीत अंथरलेली होती आणि तिच्यावर आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. दोन वाजून गेले होते. तिला निघतो म्हणून सांगायला मी तोंड उघडलं, तर बाबांनी माझा दंड धरला. त्यांनी शिटीची साखळी खणखणू नये म्हणून मुठीत घेतली, मी चपला हातात घेतल्या, आणि आम्ही दोघं टाचा उचलून दारापर्यंत गेलो.

दारात मला शंका आली. "झोपली हाये का नुसती पडली हाये?" मी कुजबुजले. "आईची खरी झोप कशी ओळखाची?"

बाबांनी वळून तिच्या पायांकडे बराच वेळ पाहिलं.

"मले नाई माहीत," ते म्हणाले.