दोन सीड्यांमधली चुप्पी

रामाजी उंदीरवाडे आमच्या दुकानात मशीन घ्यायला आले, तेव्हा त्यांनी गाणं ऐकायलाच नकार दिला.

पोंभुर्ण्याच्या बसस्टँडकडून येताना आमचं दुकान लागतं. माझे मालक, म्हणजे नवरा, रफीक तिथे रेडिओ, मिक्सर, पंखे दुरुस्त करतात. भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीतून बदलीवर जाणारे लोक जुनी साउंड सिस्टीम टाकून जातात, तीही आणून विकतात. मी बाजूला शिलाई मशीनवर बसते. त्या दिवशी रफीकनी दोन सीडी चेंजर समोर ठेवले. एक थाळीवाला, म्हणजे समोरून थाळी बाहेर येते आणि तिच्या पाच खळग्यांत पाच सीड्या बसतात. दुसरा डब्बीवाला. त्यात सहा सीड्या डब्बीत एकेक सरकवून ती डब्बी आत ढकलायची.

"डब्बीवाला घ्या भाऊ," रफीक म्हणाले. "आवाज भारी हाय. थाळीचा पट्टा जुना झाला." आणि त्यांनी आवाज वाढवला.

"गाणं राहू दे," रामाजी म्हणाले. "एक सीडी सरून दुसरी लागते ना, तो मधातला टाइम दाखव."

"टाइम? काऊन?"

"दाखव तं."

मनगटावरचं घड्याळ डोळ्यांपाशी धरून त्यांनी मोजलं. थाळीला सात सेकंद लागले, डब्बीला चौदा. रामाजींनी थाळीवाला घेतला.

चाळीस वर्षं त्यांनी आरा मशीनवर लाकडं कापली. त्या आवाजानं कान गेले. समोर उभं राहून मोठ्यानं बोललं तर कळतं, एरवी नाही. घर गावात सगळ्यात शेवटी. मागे नाला आणि नाल्यापलीकडे जंगल. बायको कमलाबाई, साखरेच्या आजारानं डोळे गेलेली. रामाजी दहाला धानाच्या बांधीवर, म्हणजे शेतावर, जात ते पाचला परतत. तेवढा वेळ बाई घरात एकटी.

कमलाबाई एकेकाळी तालुकाभर गाजलेली गाणारी. जयंतीच्या कार्यक्रमांत महिला मंडळाची पहिली ओळ तिचीच. मुलगी रिना हिनं आईची गाणी चंद्रपुरात सीडीवर उतरवून आणली होती. कमलाबाईनं तिच्याकडून प्रत्येक सीडीवर नखपॉलिशचे फुगीर ठिपके लावून घेतले होते. एक ठिपका म्हणजे बुद्धवंदना, दोन म्हणजे जयंतीची गाणी, तीन म्हणजे लग्नातली. बोट फिरवलं की कमलाबाईला कळे. रफीकनी पेनड्राइव्ह सुचवला तेव्हा रामाजी म्हणाले, "खड्याएवढी वस्तू. हातून पडली तं कमला सापडवन कशी?"

पण मशीन नुसती करमणुकीला नव्हती. आमच्याकडे मोहफुलं वेचायला गेलेल्या बाया एकमेकींना सारखा आवाज देतात, गातात, चिडवतात. माणसाचा आवाज असला की वाघ वाट बदलतो, असं सगळे मानतात. जी गप बसेल ती शिव्या खाते. दोन वर्षांपूर्वी रामाजींच्या शेजारची बुधरी फुलं वेचता वेचता गात होती. पाणी प्यायला थांबली. बाटलीचं झाकण तिच्या हातातच सापडलं. तेव्हापासून रामाजींच्या मनात एकच बसलं होतं. घरातला आवाज तुटायला नको.

कार्तिकात ते परत आले. मशीन खताच्या पोत्यात गुंडाळलेली.

"बिघडली?" रफीकनी विचारलं.

"नाई. लय लवकर बदलते."

रफीक हसले. "भाऊ, तुम्हीच तं घड्याळ लावून नेली!"

रामाजी हसले नाहीत. "कमला म्हणते, सीडी बदलते तवा खिडकीबाहेर कोणीतरी दम घेते. मी म्हणलं गाय असन. ते म्हणे, गाईचा दम मले समजत नाई का? पण सात सेकंदात पक्कं होत नाई. थे चौदावाली दे."

"मंग घटकाभर मशीन बंद करून ऐकाव ना."

"बंद?" रामाजी रफीककडे बघत राहिले. "बुधरी किती वेळ गप होती भाऊ?"

रफीकनी डब्बीवाला फळीवरून खाली काढला.

डब्बी भरायचं कमलाबाईंना समजावून सांगावं लागणार होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी रफीक निघाले. मीही निघाले. का, ते सांगता येत नाही. दोन रकात नमाज पढले आणि ऑटोत बसले.

पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. ऊन लख्ख. अंगणात कोंबडी नाही, कुत्रं नाही.

"कुत्रं कुठी गेलं?" मी विचारलं.

"गेलं," रामाजी म्हणाले. "पंधरा दिवस झाले."

कमलाबाई खिडकीजवळ खाटेवर बसली होती. आवाजावरून तिनं मला जागा करून दिली. "या हाजराबाई. तुमचे मालक मशीन चांगल्या देत नाईत जी. मी रातभर गाऊन दम घेत नव्हती, याहिची मशीन गाण्यागाण्याले दम घेते."

"बाई, तुमच्यासारखी मशीन कंपनीत बनत नाई," रफीक म्हणाले. ती खळखळून हसली. तिच्या हाताला धरून त्यांनी डब्बी भरायला शिकवली. दुसऱ्याच खेपेला तिला जमलं.

एक ठिपक्याची सीडी लागली. तिचा तरुणपणचा आवाज घरभर झाला. रफीकनी शेवटचं गाणं लावलं. ते सरलं. मशीनच्या आत काहीतरी सरकलं आणि घर गप झालं.

मी मोजायला लागले. पाच. सहा. नऊला ऐकू आलं. ओल्या पोत्यातून कोणी हवा ओढावी, तसं. खिडकीच्या अगदी खाली. घाई नव्हती त्याला. कमलाबाईचा हात माझ्या मनगटावर आवळला. तारेवर वाकलेल्या रफीकनी मान वर केली. रामाजी उघड्या दारात अंगणाकडे पाठ करून उभे होते, आणि आमच्याकडे बघून विचारत होते, "कसं वाटते? बरी हाय ना?"

चौदा. गाणं सुरू झालं.

"दार लावा," कमलाबाई हळूच म्हणाली. रामाजींना ऐकू गेलं नाही. रफीक उठले, त्यांना आत ओढलं, कडी घातली. मी संकटात म्हणायची आयतल कुर्सी पढत राहिले.

रफीकनी फोन केला, वनखात्याची गाडी दोन तासांनी आली. तोवर जनावर नाल्याकडे निघून गेलं होतं. खिडकीखालचं गवत खाटेएवढं दबलेलं. मातीची भिंत कमरेएवढ्या उंचीवर घासून गुळगुळीत झालेली, तिच्यात पिवळे केस. गार्डनं ते चिमटीत धरले.

"रोज बसून राह्यला इथी."

"गाणं चालू असताना?" रामाजींनी विचारलं. त्यांना दोनदा सांगावं लागलं.

"गाणं चालू असतानाच. त्याले आवाजाची सवय झाली, बाबा. आवाज हाय म्हणजे माणूस जागेवर हाय, हे शिकला तो."

रामाजी भिंतीला हात लावून उभे राहिले.

संध्याकाळच्या आत कमलाबाईला त्याच गाडीनं नागभीडला, रिनाकडे पाठवलं. ती सीड्या न्यायला तयार नव्हती. रामाजी गेले नाहीत. धान उभं होतं. पिंजरा लावला आहे, अजून रिकामा आहे.

परवा ते मशीन घेऊन आले. पाचवी सीडी अडकत होती.

"भाऊ, बंद ठेवा म्हणलं होतं ना!" रफीक त्यांच्या कानाशी ओरडले.

"ठेवली होती. मंग ओसरीवर पंजे उमटले. आजवर ओसरीवर नव्हता आला." त्यांनी मशीनच्या समोरच्या पट्टीवर बोट ठेवलं. "सीडी बदलते तवा इथी लाल लाइट लागते. तेवढा वेळ मी खिडकीपासून दूर राह्यतो."

"आणि मधात काही ऐकू येते?" मी मोठ्यानं विचारलं.

रामाजी माझ्याकडे बघून हसले. कानाला हात लावला. "ऐकाचं काम कमलाचं होतं, बाई."

रफीकनी अडकलेली सीडी काढून दिली. नेऊ नका म्हणालो, तरी पोत्यात गुंडाळून घेऊन गेले.

आता दुपारची जोहरची नमाज झाली की मी त्यांच्यासाठी हात उचलते, आणि रफीक फोन लावतात. बहुतेक वेळा रामाजी उचलत नाहीत. त्यांना रिंग ऐकू येत नाही, असं आम्ही एकमेकांना म्हणतो आणि परत लावतो.