गोलसमोरचं पिवळं गवत

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण निवृत्तीनंतर कोणी विचारलं की साहेब, कुठली केस डोक्यातून जात नाही, तर मला एक फुटबॉलचं मैदान आठवतं. गोलपोस्टसमोरचं गवत मेलेलं आणि बाकी मैदान हिरवंगार. लोक हसतात. हसू देत.

मी तेव्हा वर्धा शहराच्या कडेच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत नालवाडीचा फुटबॉल क्लब यायचा. नागपूरकडच्या लीगमध्ये खालच्या विभागात खेळणारा, पण खेळाडूंशी रीतसर करार करणारा व्यावसायिक क्लब. तसाच दुसरा सेलूचा. दोन गावांमध्ये अंतर ते किती! पण या दोन क्लबांचा सामना म्हटला की आम्हाला बंदोबस्ताचं वेगळं नियोजन करावं लागे. सेलूवाले बैलाची घुंगरमाळ घेऊन यायचे, गोल झाला की ती वाजवायचे. नालवाडीवाले डफडं आणायचे. एका वर्षी माळ कोणी पळवली म्हणून माझ्याकडे चक्क तक्रार आली होती. मी म्हटलं, बैलाला आणा जबाबाला.

त्या हंगामात भांडण जास्त पेटलेलं होतं. कारण नालवाडीचा सगळ्यात चांगला खेळाडू करार संपल्यावर सेलूच्या क्लबात गेला होता. त्याचं नाव सांगत नाही, पाठीवर दहा नंबर असायचा म्हणून दहा नंबरच म्हणतो. पवनारचा, बौद्ध शेतमजुराच्या घरातला, तेवीसएक वर्षांचा. नालवाडीचे समर्थक त्याला उघड गद्दार म्हणायचे. त्याची एका सरकारी खात्यात खेळाडूंच्या जागेवर निवड झालेली होती. फक्त चारित्र्य पडताळणी बाकी होती, आणि ती आम्ही पोलीसच करतो. नावावर एक गुन्हा नोंदला गेला की ती नोकरी हातची गेलीच म्हणायची.

रविवारी नालवाडीच्या मैदानावर सामना होता. गुरुवारी सकाळी क्लबचे सचिव ठाण्यात आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, दोन मोबाईल. म्हणाले, "साहेब, सेलूवाल्याइनं मैदानावर विष टाकलं. चला, डोळ्यानं पाहा."

गेलो. एका बाजूच्या गोलसमोरचा मोठा पट्टा पिवळा पडून वाळत चालला होता. सोबत आमच्या ठाण्यातल्या एक महिला हवालदार होत्या, सेलू तालुक्यातल्या शेतकऱ्याची सून. पंचनामा त्यांनीच लिहिला. मी मात्र पट्ट्याकडे पाहिलं, भडकलो आणि परत आलो. मी पोलीस लाइनीत वाढलेला माणूस, शेतीतलं माझं ज्ञान कुंडीतल्या तुळशीपुरतं.

शुक्रवारी सकाळी मैदानासमोरचा चहावाला आला. खबर देणाऱ्या माणसाचे दोन प्रकार असतात. एक दबक्या आवाजात बोलतो, दुसरा आधी चौघांना सांगून मग आपल्याकडे येतो. हा दुसरा. "साहेब, बुधवारी सांजच्याले दहा नंबर आलता. पाठीवर बॅग होती. मी व्हिडिओच काढून ठेवला." व्हिडिओत फाटकातून आत जाणारा दहा नंबर स्पष्ट दिसत होता. मला वाटलं, झालं काम. बुधवारी आला, गुरुवारी गवत मेलं. दोन आणि दोन चार.

दुपारच्या आत त्याला ठाण्यात आणून बसवला. स्टेशन डायरीत नोंद घेतली, 'चौकशीकामी'. बॅगेत बूट, टॉवेल आणि अर्धा बिस्किटपुडा निघाला.

"बुधवारी मैदानात कशाला गेला होतास?"

"गवत पाहाले गेलतो, साहेब."

"दुसऱ्याच्या मैदानाचं गवत?"

"हो."

"बोलावलं कोणी?"

गप्प.

"काय टाकलंस?"

"काई नाई टाकलं. गवत पाहाले गेलतो."

तीनदा विचारलं, तीनदा तेच. खाली मान, आवाज शांत. चोर घाबरतो, रडतो, देवाची शपथ घेतो, आईला मध्ये आणतो, हे मला माहीत होतं. हा शांत होता, आणि त्याच्या शांतपणानं माझं डोकं फिरलं. माझी मस्करी करतोय असं वाटलं. मी उठलो आणि त्याच्या कानाखाली लगावली.

त्यानं वर पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण बोलला तेच. "गवत पाहाले गेलतो."

बाहेर सचिव बसूनच होते. दर दहा मिनिटांनी कुणाचा तरी फोन आणून माझ्या कानाला लावायचे. आग्रह एकच, आजच गुन्हा दाखल करा आणि नाव टाका. मैदानाचं काय होईल, गवत पुन्हा कधी येईल, यावर एक शब्द नाही. रविवारी दहा नंबर मैदानात उतरू नये एवढंच त्यांना हवं होतं. ते कळत होतं मला, पण व्हिडिओ तर खोटा नव्हता.

ठाणे अंमलदारानं कॉम्प्युटरवर फिर्याद टाइप केली आणि मान वळवून विचारलं, "साहेब, आरोपीच्या रकान्यात नाव टाकू?"

मी म्हटलं, थांब, पंचनामा जोडू. पंचनाम्याचा कागद हातात घेतला आणि एका ओळीवर अडकलो. हवालदार ताईंनी लिहिलं होतं: 'पिवळ्या पट्ट्यालगत काही भाग किंचित पिवळसर, त्यापुढील संपूर्ण मैदान नेहमीपेक्षा गडद हिरवे.'

त्यांना आत बोलावलं. "ताई, हे गडद हिरवं काय प्रकरण आहे?"

"खत मारलं कोनीतरी, साहेब. फवारून. ओळीच दिसते ना. इकडून तिकडं, तिकडून इकडं, सरळ. ज्याले नासधूस करायची तो असा चालीनं फवारत नाई. तो ओतते अन् पळते."

"आणि पिवळा भाग?"

"तो तणनाशकाचा. फवारणीचा पंप पहिल्यांदा भरला त्यात तणनाशक होतं, दुसऱ्या भरणीत जरासं उरलं, तिसरीपासून पंप साफ. आमच्याकडं एकदा असंच झालतं. सासऱ्यानं मेथीचा अख्खा वाफा जाळला."

मी म्हटलं, "मग ह्यानं बुधवारी तणनाशकाचा पंप..."

ताई माझ्याकडे अशा पाहायला लागल्या, जणू मी वांग्याला भेंडी म्हटलं. "साहेब, तणनाशक म्हंजे काई ॲसिड आहे काय? आज मारलं अन् उद्या पिवळं? पाच-सात दिवस लागते गवत वाळाले. हे मागच्या शनिवारचं काम आहे."

"हे काल का नाही सांगितलं?"

"काल तुमी विचारलं नाई," त्या म्हणाल्या, आणि खरंच मी विचारलं नव्हतं.

मागच्या शनिवारी सेलूचा क्लब नागपुरात सामना खेळत होता. दहा नंबर पूर्ण वेळ मैदानात होता, शेकडो लोकांसमोर. मी खुर्चीत बसलो तो बसलोच. अंमलदाराला म्हटलं, "रकाना कोराच ठेव. हात लावू नकोस."

मग मैदानावर शनिवारी फवारणी कोणी केली? नालवाडीच्या मैदानाला एकच माणूस हात लावायचा. मैदानाची निगा राखणारा म्हातारा, त्याला सगळे बाबाजी म्हणत. पवनारला धाम नदीच्या काठावर त्याची भाजीची थोडी शेती होती, सकाळी वांगी-पालक, दुपारनंतर मैदान. गुरुवारपासून तो कामावरच आला नव्हता. तापानं आजारी, असं सचिव म्हणाले होते.

ताईंना घेऊन जीपनं पवनारला गेलो. बाबाजी खाटेवर पडून होते, डोक्यापर्यंत घोंगडी ओढून. ताप नव्हताच. मी काही विचारायच्या आधी उठून बसले आणि हात जोडले.

"माह्याच हातानं झालं, साहेब. सेलूवाले येनार होते. त्याइनं माह्या मैदानाले नाव ठेवू नाई म्हनून खत मारलं. माह्या पंपाचा वायसर गेलता. शेजाऱ्याच्या वावरातल्या खोपडीतला पंप उचलला."

"विचारून?"

ते माझ्याकडे नवलानं पाहत राहिले. ताईंनी मला समजावलं. इथं भाजीवाले एकमेकांचा पंप, फावडं, दोर विचारून नेत नाहीत. न्यायचं, वापरायचं, खुंटीला परत टांगायचं. विचारलं तर शेजाऱ्याला परकेपणा वाटतो. फक्त एक नियम कडक, तणनाशकाचा पंप वेगळा ठेवायचा, आणि त्याला लाल चिंधी बांधायची.

"चिंधी गळून पडलती," बाबाजी म्हणाले. "पंपात थोडं पानी होतं. मले वाटलं धुवाले ठेवलं असंल. त्यातच खत टाकलं. चाळीस वर्सं भाजी केली अन् ह्या वयात वासही नाई घेतला मी."

बुधवारी गवताचा रंग वेगळा दिसला तेव्हा त्यांना धास्ती बसली. त्यांनी एकाच माणसाला फोन केला. 'येजो जरा, गवत कसंतरी दिसून राह्यलं.' तो माणूस म्हणजे दहा नंबर. दोघं एकाच गावचे. बाबाजींनीच त्याला या मैदानात पहिल्यांदा आणलं होतं, गवत कापायला म्हणून, आणि तो गवत कापता कापता खेळायला शिकला होता. त्यानं खाली बसून गवताचं पातं हातात घेतलं आणि ओळखलं. म्हणाला, "बाबाजी, कोनाले काई सांगू नका. तुमाले काढून टाकतील. रविवार निघून जाऊ द्या, मंग पाहू."

म्हणजे त्यानं मला तीनदा खरंच सांगितलं होतं. तो गवतच पाहायला गेला होता. पुढचं बोलला असता तर म्हाताऱ्याचं नाव आलं असतं.

"बाबाजी," मी म्हटलं, "तो दुपारपासून ठाण्यात बसला आहे. संशय त्याच्यावर आहे."

"त्याले काऊन?" म्हातारा ओरडलाच. "त्याले काऊन बसोलं? त्याची नोकरी लागून राह्यली ना!" चपला न घालताच ते जीपकडे निघाले. मीच मागे वळून चपला उचलून आणल्या.

ठाण्यात ते आधी माझ्या टेबलापाशी आले नाहीत, सरळ सचिवांसमोर उभे राहिले. "म्या केलं. काढून टाका मले." मग दहा नंबरकडे वळले आणि भर ठाण्यात त्याला झापायला लागले. "अक्कल आहे काय तुले? कोनासाठी गप बसला? मी म्हातारा मानूस, आज आहो उद्या नाई. तुह्या मायनं काय केलं असतं?"

दहा नंबर खाली पाहून हसला. "बाबाजी, तुमाले मैदानाबाहेर काढलं असतं तर तुमी आठ दिवसही जगले नसते."

म्हाताऱ्यानं त्याचं डोकं छातीशी धरलं आणि मोठ्यानं रडला. ताईंनी तोंड फिरवलं. मलाही जड गेलं, खोटं कशाला बोलू. सचिवांना मी आत घेऊन स्पष्ट सांगितलं, नुकसान करण्याचा हेतू नाही, गुन्हा होत नाही, अर्ज निकाली काढतो. आणि बाबाजींना काढलंत तर पुढचा बंदोबस्त तुमचा तुम्ही करा. हे शेवटचं कुठल्याही कायद्यात बसत नाही, पण बोललो. त्यांनी बाबाजींना ठेवलं.

रविवारी सामना झाला. मेलेल्या पट्ट्यावर बाबाजींनी बारीक माती पसरवून पाणी मारलं होतं. नालवाडीवाले नेहमीसारखे गद्दार-गद्दार ओरडायला लागले तेव्हा त्यांच्यातलाच तो चहावाला उठला आणि म्हणाला, "चूप बसा बे!" बऱ्याच जणांना तोवर सगळी हकिकत कळली होती. सेलू एका गोलनं जिंकलं, गोल दुसऱ्याच कोणाचा होता. घुंगरमाळ मात्र अर्धा तास वाजली आणि माझं डोकं उठवलं.

पुढं महिन्याभरात दहा नंबरची चारित्र्य पडताळणी माझ्याच टेबलावर आली. मी लिहिलं, 'गुन्हे अभिलेख निरंक', आणि सही केली. त्या सहीच्या वेळी मनात एकच येत होतं, पंचनाम्यातली ती ओळ मी वाचली नसती तर? गप्प बसणाऱ्याला मी आयुष्यभर लपवणारा समजत आलो. कधी कधी माणूस दुसऱ्याला पदराखाली घेऊन गप्प बसतो, आणि तेव्हा त्याच्या तोंडाकडे पाहून काही कळत नाही. तेव्हापासून चौकशीत मी आणखी एक प्रश्न स्वतःला विचारायला लागलो, हा बोलला तर कोणाचं नुकसान होईल? आणि ज्याला शेतीतलं कळतं त्याला आधी विचारायचं, मग भडकायचं.

कागद घेऊन निघताना तो दारात थांबला. "साहेब, काई बाकी नाई ना आता?"

मी म्हटलं, "काही नाही."

बाकी होतं. त्या दिवसाच्या स्टेशन डायरीत त्याला आणल्याची वेळ आहे, सोडल्याची वेळ आहे, बाबाजींचा जबाब आहे. मी त्याला मारलं हे कुठंच नाही. त्यालाही मी कधी सॉरी म्हटलं नाही, आणि तोही त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. आता डायरी माझ्या ताब्यात नाही, म्हणून इथं नोंद करतो. शुक्रवारी दुपारी, चौकशीच्या खोलीत, खरं बोलणाऱ्या माणसाला मी मारलं.