चवीची वही

चाकणच्या आमच्या कंपनीत कँटीनच्या टेबलावर एक वही असते. जेवणाची सुट्टी व्हायच्या आधी कँटीन कमिटीतल्या एकाने ताट चाखायचं आणि शेरा लिहायचा. बाकीचे ‘ओके’ लिहून सही ठोकायचे. दोन वर्षांपूर्वी माझा नंबर लागला, कारण मला इंग्रजी येतं अशी अफवा होती आणि ती मीच पसरवली होती. ती वही आता दुसरा कुणी लिहितो. मी मात्र तिच्यातून सुटलेलो नाही.

मी तेव्हा लाइनवर पार्ट तपासायचो. दिवसभर दोष शोधायचे आणि मनात एकच, काहीही करून ऑफिसात बसायचं. वही दर शनिवारी एचआरच्या साहेबांकडे जायची. नुसतं ‘ओके’ लिहून तिथं कोण विचारणार? म्हणून संत तुकाराम नगरहून सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मी मोबाइलवर चवीचे इंग्रजी शब्द पाठ करू लागलो. ब्लँड, सॉगी, ग्रीसी, रबरी. सकाळी सॉगी शिकलो की दुपारी भजी हमखास सॉगी निघायची. चांगल्या चवीचेही शब्द होते, पण ‘डिलिशस’ वाचून साहेब पान उलटायचे आणि ‘लॅक्स डेप्थ’ वाचून मला बोलावून घ्यायचे. “व्होकॅब्युलरी चांगली आहे तुमची,” एकदा म्हणाले. त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते.

स्वयंपाक बघणाऱ्या मावशी जवळच्याच गावातल्या, माझ्या आईच्या वयाच्या. मी लिहीत असलो की हात पुसत यायच्या.

“काय लिवलं, दादा?”

“चांगलंच लिहिलंय, मावशी.”

“मंग बरं हाय.”

एवढ्यावर त्या आत जायच्या. आमटीला पहिल्यांदा ब्लँड लिहिलं, त्या दिवशी मी ती दोनदा वाढून घेतली होती.

कँटीनचं कंत्राट बदलायची वेळ आली तेव्हा साहेबांनी वहीच्या पानांच्या झेरॉक्स काढल्या. माझ्या शब्दांवर पिवळं पेन फिरवलेलं होतं. ती पानं बघून नव्या कंत्राटदाराने स्वयंपाकघरातल्या बाकीच्या बायका ठेवल्या, पण चवीची जबाबदारी मावशींची, म्हणून त्यांना तेवढं काढलं. मी साहेबांशी बोलू शकलो असतो. पण ऑफिसातलं टेबल मला त्याच महिन्यात मिळायचं होतं, आणि मी मूग गिळून गप्प बसलो.

शेवटच्या दिवशी मावशींनी वही माझ्यापुढे ठेवली. “काय काय लिवलंय ते वाचून दाव. मराठीत सांग.”

मी सांगत गेलो. ब्लँड म्हणजे मीठ कमी. सॉगी म्हणजे भजी मऊ पडली. ग्रीसी म्हणजे तेल जास्त झालं. रबरी म्हणजे चपाती वातड. मग आमटीपुढचं ‘लॅक्स डेप्थ’ आलं आणि त्याचं मराठी मला सुचेना. तसा काही दोष आमटीत नव्हताच, हे मला त्यांच्यासमोर बसल्यावर कळलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या चिडल्या नाहीत. पदराने वहीवरचा आमटीचा थेंब पुसला आणि म्हणाल्या, “येवढंच व्हतं व्हय? मीठ कमी हाय म्हनला असतास, तर टाकलं असतं की.”

आता मी ऑफिसात बसतो. डबा घरून आणतो. बायको विचारते, भाजी कशी झाली होती, आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. इंग्रजी नाही, मराठीही नाही. तिला वाटतं, मला तिच्या हातचं आवडेनासं झालंय. तिला खरं सांगायची माझी हिंमत होत नाही.

मिठाची बरणी कँटीनच्या त्याच टेबलावर असायची. वही लिहिताना मध्ये येते म्हणून मी ती रोज बाजूला सरकवायचो.