आधी वायर, मग चहा

दिगू गेला तो पासवर्ड घेऊनच गेला.

आज वर्ष झालं. वर्षभर मी मनातल्या मनात त्याला हेच ऐकवत होते. आज सगळ्यांसमोर लिहिते, कारण आज सकाळी राग गेला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दिगंबर, आमचा दिगू, भांडुपचा. 'सावली' नावाचं सॉफ्टवेअर त्याने लिहिलं आणि जगाला फुकट वापरायला देऊन टाकलं. काम साधं. एका मशीनवरच्या डेटाबेसची दुसऱ्या मशीनवर कायम ताजी नक्कल ठेवायची. पहिलं बंद पडलं की दुसरं उभं.

मी तेव्हा मुलुंडच्या एका ब्लड बँकेत रेकॉर्ड सांभाळायचे. कॉम्प्युटर मला कुणी शिकवला नाही. मॅन्युअल आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन, मटार सोलावेत तसा एकेक शब्द सोलत शिकले.

एका दुपारी एक नोंद डिलीट करायला गेले आणि कुठली नोंद, ते सांगायलाच विसरले.

अख्खी डोनर लिस्ट साफ.

पण म्हटलं, घाबरतेस काय, सावली आहे ना!

दुसरं मशीन उघडलं.

तिथेही साफ.

सावलीच्या ग्रुपवर मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं. तिथे जगभरची माणसं. उत्तर मात्र मराठीत आलं.

"ताई, मुलुंड ना? मी भांडुपला. निघालोच."

आला, बघितलं आणि चक्क हसला.

"अहो, सावली ती. तुम्ही हात उचललात, तिनेही उचलला. चूक की बरोबर, तिला काय कळतं?"

"मग काय करायचीय तुझी सावली? लोणचं घालू?"

"एक सावली तासभर मागे चालवायची, ताई. आपण चुकलो तरी ती अजून चुकलेली नसते."

मग जुना बॅकअप आणि डोनरचे कागदी फॉर्म घेऊन बसलो. तीन दिवस. तो वाचायचा, मी टाइप करायचे. स्वतःच्या ऑफिसातून रजा काढून आला होता बाबा.

तेव्हापासून मी ग्रुपची.

महिन्यातून एका रविवारी सकाळी भांडुपला एका क्लासच्या खोलीत जमायचो. दिगूचा नियम एकच: आधी वायर, मग चहा. चालू मशीनची वायर खरोखर ओढायची. दुसरं उठून उभं राहिलं तरच चहा. नाही राहिलं तर दुरुस्त करा, तोवर बसा सुकत.

एकदा मी विचारलं होतं, "दिगू, आणि तुझी वायर ओढली तर?"

"मी कुठे जातोय! मला तर स्टेशनपर्यंत रिक्षा मिळत नाही."

गेला. एकावन्नाव्या वर्षी. सकाळचा कप अर्धा ठेवून.

आणि मग कळलं. सावलीची नवी आवृत्ती त्याच्या डिजिटल सहीशिवाय कुणी घेणार नाही. ती सही त्याच्या लॅपटॉपमध्ये. लॅपटॉपचा पासवर्ड त्याच्या डोक्यात.

त्यात सावलीमध्ये एक खोट सापडलेली. तिच्यातून परक्याला डेटा वाचता आला असता. दुरुस्ती तयार होती, पण बाहेर पाठवता येईना. ग्रुपवर लोक विचारू लागले, प्रोजेक्ट संपलं का?

सुनीता, त्याची बायको, लॅपटॉप घेऊन बसली. लग्नाची तारीख, लेकीचं नाव, गावच्या देवाचं नाव. एक चालेल तर शपथ.

"ताई, हा माणूस गॅसच्या नळीचीसुद्धा स्पेअर ठेवायचा हो," म्हणाली, आणि रडता रडता हसली.

त्याच दिवशी ठरवलं, सावलीला मरू द्यायचं नाही.

कोड सगळ्यांना खुला होता. तो घेतला, नवी सही बनवली. पण लोकांनी ती मानायची का? उद्या कुणीही उठेल आणि म्हणेल, मी दिगूचा माणूस. म्हणून एकेकाला व्हिडिओ कॉल केला. चेहरा दाखवला, सहीचा लांबलचक नंबर वाचून दाखवला. समोरच्याने ताडून बघायचा. महिनेच्या महिने.

एकाने विचारलं, "मॅडम, तुमचं क्वालिफिकेशन?"

म्हटलं, "अख्खी डोनर लिस्ट पुसलीय मी. तुम्ही?"

सही मान्य केली त्याने.

खोट बुजली. सही आता तिघांकडे आहे. मी, मालाडची वैशाली आणि नैरोबीचा जोसेफ.

आज सकाळी त्याच खोलीत जमलो, सुनीताही आली होती. मी म्हटलं, "आज मशीन राहू दे. माझी वायर ओढा. मी गेले असं समजा, आणि नवी आवृत्ती काढून दाखवा."

कोपऱ्यात हाताची घडी घालून बसले. नवी आवृत्ती काढायच्या पायऱ्या लिहिलेली माझी वही वैशालीने उघडली. चौथ्या पायरीवर अडली.

"काकू, इथून पुढे काय?"

मला येत होतं. तोंड उघडलंच होतं.

"ताई," सुनीता म्हणाली, "गेलेलं माणूस बोलत नाही. मी वर्षभर विचारतेय त्याला."



ती पायरी मी वहीत लिहिलीच नव्हती. हाताला सवय झालेली, लिहायचं सुचलंच नाही. म्हणजे वर्षभर ज्याच्यावर चिडले, मी तेच केलं होतं.

राग गेला तो तिथे.

वैशालीने जोसेफला फोन लावला. दोघांनी कोड चाळून ती पायरी शोधून काढली. दीड तास. मधे चहा दोनदा गार झाला. मी ओठ दाबून बसले होते.

पावणेबाराला नवी आवृत्ती बाहेर पडली. माझ्या एका शब्दाशिवाय.

सुनीताने पहिला कप माझ्या हातात दिला. "बोला आता."

मी आधी ती ओळ वहीत लिहिली. मग चहा प्यायले.

दिगू, तुझी वायर निघाली आणि आम्हाला उठायला किती महिने लागले. पण उठलो रे.

माझी निघेल तेव्हा दीड तासही लागू देणार नाही. पुढच्या महिन्यात वैशालीला कोपऱ्यात बसवतेय.

तुला मनापासून श्रद्धांजली, मित्रा.

जा आता निवांत. इथलं आम्ही बघतो.